बाई, ते पान तिला दाखवाल का?

आदरणीय बाई,

हे पत्र तुमच्या एकट्यांच्या हातात देता आलं असतं. पण चार लोकांनी वाचावं असं वाटलं, म्हणून उघड लिहितोय. तुम्हाला हे आवडणार नाही याची कल्पना आहे. माफ करा.

परवा आमच्या वर्गाचा परिसंवाद झाला. विषय तुम्हाला ठाऊकच आहे, ‘गृहपाठ हवा की नको’. पाच जण समोर, एक सूत्रसंचालक, बाकीचा वर्ग श्रोता. चाळीस मिनिटं मुलं बोलली आणि मला एकदाही मध्ये पडावं लागलं नाही. घरी आल्यावर बराच वेळ नुसता बसून होतो. अजूनही त्याबद्दल बोलायला गेलं की गळा दाटून येतो.

कारण आधीची दोन वर्षं डोळ्यांसमोर होती. पहिल्या वर्षी पाच जणांनी पाच पाठ केलेली भाषणं ओळीने म्हटली, टाळ्या झाल्या, संपलं. तिसऱ्याने जे सांगितलं तेच चौथ्याने त्याच शब्दांत सांगितलं, कारण दोघांचेही मुद्दे मीच लिहून दिले होते. दुसऱ्या वर्षी काहीच लिहून दिलं नाही, तर त्याची वादविवाद स्पर्धा झाली. दोन तट पडले, आवाज चढले, एक मुलगा रडत बाहेर गेला. मग मी मदत मागितली, एकदा नव्हे, तीनदा. दोन ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. तिसरे एक तज्ज्ञ आले, दीड तास पडद्यावर तक्ते दाखवले, मुलांशी एक वाक्य बोलले नाहीत, आणि जाताना वर्गाच्या दारातच मला म्हणाले, ‘हुशार पाच निवडा, बाकीच्यांवर वेळ घालवू नका.’ बाकीचे तिथेच बसले होते. त्यांनी ते ऐकलं. मला तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं, मी बोललो नाही. ते मला अजून सलतं, आणि त्या माणसाचा रागही गेलेला नाही.

आणि मग तुम्ही आलात. निवृत्त होऊन इतकी वर्षं झालेली, कुणी बोलावणं धाडलेलं नाही, मी सहज बोलताना अडचण सांगितली तेवढीच. वर्गात आल्यावर माझी खुर्ची घेतली नाहीत. शेवटच्या बाकावरच्या मुलीला ‘इथे बसू का?’ असं विचारलंत, आणि ती सरकल्यावरच बसलात.

काय काय तयारी करून घेतलीत ते सगळं इथे लिहीत नाही. एकच सांगतो. बोलणाऱ्या प्रत्येकाला आपल्या कागदाचा अर्धा भाग कोरा ठेवायला लावलात. आधीचा काय बोलला ते त्या भागात टिपायचं आणि मगच आपलं बोलायचं. वादविवादात समोरच्याचा मुद्दा पाडायचा असतो, परिसंवादात त्याला आपला मुद्दा जोडून विषय पुढे न्यायचा असतो. एवढा साधा फरक दोन वर्षांत मला मुलांच्या गळी उतरवता आला नव्हता. मी त्यांना बोलायला शिकवत होतो. ऐकायची तयारी कुणी करून घेतलीच नव्हती.

पण मला लिहायचंय ते सरावाच्या तिसऱ्या दिवसाबद्दल. सूत्रसंचालकाने त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला विचारलं, ‘तुला काय वाटतं?’ ती उभी राहिली आणि गप्प. मी सवयीने तिला पहिला शब्द पुरवायला गेलो, तर तुम्ही माझ्याकडे न बघताच हात किंचित वर केलात. पेन वहीवर ठेवलंत आणि तिच्याकडे बघत राहिलात. ‘बोल बोल, घाबरू नकोस’ नाही, घड्याळाकडे नजर नाही. वर्गात चुळबुळ सुरू झाली, तीही थांबली. मग ती म्हणाली, ‘मला गृहपाठ आवडतो. पण घरी शांत जागा नाही.’

तुम्ही पेन उचललंत. ‘शांत जागा, असंच म्हणालीस ना? तसंच लिहिते.’ आणि लिहिलंत.

बाई, त्या मुलीबद्दल आम्ही आजवर पुष्कळ लिहिलं आहे. गुण, शेरे, गैरहजेरी. तिने सांगितलेलं, तिच्याच शब्दांत, कुणी लिहून घेतलं नव्हतं. मीही नाही. ती खाली बसली तेव्हाचा तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

नंतर चालता चालता तुम्ही मेरी बड रो यांच्या संशोधनाबद्दल सांगितलंत. अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांतलं, 1970 च्या दशकातलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम 1 सेकंद थांबत होते. तेच 3 सेकंद किंवा जास्त थांबले की उत्तरं लांबत, न विचारता बोलणारी मुलं वाढत. आणि कच्ची मानलेल्या मुलांसाठी शिक्षक हुशार मुलांपेक्षाही कमी थांबत. दुसऱ्या दिवशी तासाला मी मनात आकडे मोजून पाहिले. दोन म्हणायच्या आत मी दुसऱ्याचं नाव घेतलेलं असायचं. म्हणजे ‘हुशार पाच निवडा’ असं तोंडाने न म्हणता मीही तेच करत आलो होतो.

चांगली माणसं फार मोठं काही करतात असं मला वाटायचं. तुम्ही एका मुलीसाठी थांबलात. तिथे बक्षीस नव्हतं, बघायला पाहुणे नव्हते, तुमचं नाव कुठे छापून येणार नव्हतं. अशी माणसं आहेत म्हणून शाळेत यावंसं वाटतं, हे मी अगदी मनापासून लिहितोय.

परवा ती समोरच्या पाचांत होती. तिने तो शांत जागेचा मुद्दा मांडला. तिच्यानंतरचा मुलगा गृहपाठाच्या ठाम बाजूचा. त्याने आपल्या कागदाच्या कोऱ्या भागाकडे बघितलं आणि ‘ती म्हणाली तसं’ अशी सुरुवात केली. तिथून चर्चा हवा की नको सोडून कुठे बसून करायचा, कुणी किती करायचा, यावर गेली. श्रोत्यांतून प्रश्न आला, शाळा सुटल्यावर वर्ग अर्धा तास उघडा ठेवता येईल का? हा प्रश्न मी मुख्याध्यापकांपुढे ठेवला आहे.

तुम्ही उशिरा येऊन मागे बसलात आणि संपल्यावर कुणाला न भेटता गेलात. ती मला विचारत होती, ‘बाईंनी आजचंही लिहून घेतलं का?’ मी म्हटलं, विचारून सांगतो. लिहिलं असेल तर ते पान तिला एकदा दाखवाल का?

तुमचा,
एक शिक्षक