रसग्रहण पाठ करून येत नाही

संपादक महोदय,

बारावीच्या इंग्रजी युवकभारतीत दिलीप चित्रे यांची ‘फादर रिटर्निंग होम’ ही कविता आहे. रात्री उशिराच्या लोकलने, उभ्याने, भिजल्या कपड्यांत घरी परतणारे वडील आणि त्यांच्याशी फारसं न बोलणारी मुलं. परवा शिकवणीला आलेल्या एका मुलीने तिचं रसग्रहण धडाधड म्हणून दाखवलं. अलंकार, मुक्तछंद, विषय, सगळं बिनचूक. आधीच्या क्लासच्या नोट्समधलं! तिला विचारलं, ‘तुझे बाबा किती वाजता घरी येतात?’ ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘दहाच्या गाडीने. आम्ही तेव्हा मोबाइलवर असतो.’ त्यानंतर तिने कविता पुन्हा वाचली, या वेळी सावकाश. स्वतःच्या शब्दांत सहा वाक्यं लिहिली, त्यांत व्याकरणाच्या तीन चुका होत्या. मला ती वाक्यं नोट्सपेक्षा कितीतरी मोलाची वाटतात.

रसग्रहणाचा प्रश्न चार गुणांचा. तेवढ्यासाठी तयार उत्तरं घोकून घेणाऱ्या क्लासना पालक हजारो रुपये मोजतात. त्यांचा दोष नाही. कॉलेजात एकेका वर्गात शंभराच्या आसपास मुलं, प्रत्येकाची वही तपासणार कोण?

माझी विनंती परीक्षकांना आहे. मुलाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, स्वतःचं लिहिलं असेल तर गुण देताना हात आखडू नका. आणि पालकांनो, क्लास निवडताना फी आणि निकालाआधी एवढं विचारा : इथे मुलांना स्वतः लिहायला लावतात का?

– एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, बदलापूर