फ्लॉरेन्सचा दिवस ठरलाय, बाबा

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे सांगितलं असतं तर बाबा "बघू पुढच्या वर्षी" म्हणाले असते आणि आईने लगेच री ओढली असती. म्हणून पत्र. मे महिन्यातल्या क्रूझची तिकिटं काढली. तुमची दोघांची, माझी आणि निखिलची. पैसे भरून झालेत, दादालाही सांगितलंय. "एवढा खर्च कशाला" हे वाक्य आता नको. दादाच्या घराच्या वेळी तुम्ही काय केलंत ते आम्ही दोघंही विसरलेलो नाही, एवढंच म्हणते.

क्रूझच का, तेही सांगते. बसच्या टूरमध्ये रोज पहाटे बॅगा भरा, रोज नवं हॉटेल, नवा पलंग. बाबांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, अंधारात रोज वेगळं बाथरूम शोधायला लावणं मला पटत नाही. जहाजावर खोली एकच. कपडे एकदा कपाटात लावले की उतरेपर्यंत बघायला नको. डॉक्टर जहाजावरच असतो. खोलीत छोटा फ्रीज आहे, आईचं इन्सुलिन त्यात राहील. शाकाहारी जेवणाचं मी आधीच कळवलंय. आम्ही गेलो तेव्हा वरण-भात रोज नसला तरी भात, कुठलीतरी डाळ आणि दही मिळत होतं. चहा मात्र त्यांचा पिववत नाही. पूड आपली घेऊ, दूध-साखर तिथली.

आता फ्लॉरेन्स. जहाज फ्लॉरेन्सला जात नाही, ते लिव्होर्नोच्या बंदराला लागतं. तिथून फ्लॉरेन्स साधारण नव्वद किलोमीटर, दीड तासाचा रस्ता. जहाजवाल्यांची बस असते, पण ती गावाच्या कडेला सोडते आणि पुढे दिवसभर झेंडा धरलेल्या बाईच्या मागे चालत राहायचं. ते आपल्याला नको. मी गाडी सांगितली आहे, ड्रायव्हरसकट. परवाना असलेल्या गाडीला जुन्या गावात आतपर्यंत जाता येतं. मध्ये कुठे थांबावंसं वाटलं तर थांबवता येईल, आई, संकोच करायचा नाही.

बाबा, मोठ्या चर्चच्या घुमटावर आपण चढणार नाही. ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. तुम्ही म्हणाल, हळूहळू चढू. पन्हाळ्याला तीन दरवाजापाशी काय झालं ते आईला चांगलं आठवतंय. घुमट खालूनच बघायचा, आणि खरं तर तो खालूनच कळतो. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात तो बांधला, आणि खालून आधाराला लाकडी साचा उभा न करता. विटा तिरप्या गुंफत एकेक कडं पुरं करायचं, की तेच पुढच्याला धरून ठेवतं. तुम्हाला बांधकामातलं कळतं, तुम्ही मला जास्त सांगाल. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, तेव्हा आईच्या साडीला काही प्रश्न नाही. मायकेलअँजेलोचा खरा डेव्हिडचा पुतळासुद्धा या खेपेला नाही. तो १८७३ मध्ये चौकातून हलवून संग्रहालयात नेला, तिथे रांग फार असते. चौकात त्याच्या जागी प्रतिकृती उभी आहे, ती सावकाश बघू.

हे सगळं मी कापलं ते एका जागेसाठी.

तुम्ही मला कडेवर घेऊन न्यू पॅलेसचं म्युझियम दाखवायचात. "हे आपल्या कोल्हापूरचे राजाराम महाराज, शाहू महाराजांच्या आधीचे. विलायतेला गेले आणि येताना इटलीत राहिले." मला वाटायचं ते हरवलेत. रात्री पांघरुणातून विचारायचे, "बाबा, महाराज सापडले का?" आणि तुम्ही म्हणायचात, "तू मोठी झालीस की शोधून आण. झोप आता."

गेल्या सप्टेंबरात मी तिथे जाऊन आले. फोटो पाठवला होता, पण फोटोत काही येत नाही. तुमच्याआधी मी बघितलं याची रुखरुख अजून आहे. गावाच्या पश्चिमेला आर्नो नदीच्या काठाने काशिने नावाची लांबच लांब बाग आहे. तिच्या पार टोकाला मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते. ३० नोव्हेंबर १८७० ला महाराज फ्लॉरेन्समध्येच वारले, जेमतेम विशीत होते. बरोबरच्या मंडळींनी संगमावर दहन करायचं ठरवलं आणि नगरपालिकेने त्याला खास परवानगी दिली. त्याच जागी १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. खाली महाराजांचा अर्धपुतळा, डोक्याला पागोटं, अंगावर दागिने. चेहरा इतका कोवळा आहे की मला दादाचा कॉलेजातला फोटो आठवला. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा. छत्रीचा आराखडा मात्र चार्ल्स मँटचा, ज्याने पुढे आपला न्यू पॅलेस बांधला! हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतंत, की मीच विसरले? शेजारी नदीवर मोठा पूल आहे, त्याचं नावही 'पोंते अल्ल'इंदियानो'. गावात कुणालाही 'इंदियानो' म्हटलं की कळतं.

तिथे मला तुम्ही हवे होतात. पंचगंगेच्या घाटावर समाध्यांपाशी तुम्ही चपला काढून उभे राहता, तसे.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. बाबा, त्या दिवसासाठी मी व्हीलचेअर सांगितली आहे. रागावू नका. तुम्ही आजारी आहात म्हणून नाही. रोज सकाळी रंकाळ्याला जाता ते मला माहीत आहे. पण फ्लॉरेन्सचे रस्ते दगडी फरश्यांचे, वरखाली, आणि मधल्या चौकांत बसायला जागा कमी. दमून गेलात तर संगमावर पोचूनही मन लागणार नाही. म्हणून सकाळी आधी तिथेच जायचं. बागेतली वाट सपाट आहे, तिथे पायी चला, हवा तेवढा वेळ उभे राहा. खुर्ची दुपारी गावात. चर्चला खुर्चीसाठी दक्षिणेकडून वेगळं दार आहे, रांगही वाचेल. खुर्ची निखिल ढकलेल, त्याने स्वतःहून सांगितलंय. नकोच वाटली तर गाडीतच राहील, कुणी जबरदस्ती करणार नाही. पण बरोबर असू दे, माझ्यासाठी.

जेवायला रिबोलिता म्हणून सूप मिळतं, शिळा पाव, घेवडा आणि पालेभाजीचं. मांस घातलंय का ते मी आधी विचारीन. तिथला पाव मीठ न घातलेला, अगदी अळणी. बाबांच्या बीपीला उत्तम, आणि आई, लोणचं मी घेतेय. त्यानंतर तुझ्यासाठी पोंते वेक्किओ. पुलावर दोन्ही बाजूंना सोन्याची दुकानं, आपली गुजरीच उचलून नदीवर ठेवल्यासारखी. आधी तिथे खाटकांची दुकानं होती. वासाला कंटाळून १५९३ मध्ये तिथल्या ड्यूकने ती उठवली आणि सोनारांना जागा दिली. बघ, भाव विचार, पण घ्यायचं काही नाही, आपल्या सोनाराची घडण तिथे नाही.

चारला परत निघायचं. जहाज कुणासाठी थांबत नाही.

आता कामाचं. दोघांचेही पासपोर्ट बघा, संपायची तारीख मला फोनवर वाचून दाखवा. व्हिसाला बोटांचे ठसे द्यायला पुण्याला जावं लागेल, दादा गाडी घेऊन येईल, एसटीने जायचं नाही. बाबांनी डॉक्टरांना आत्ताच भेटायचं, एप्रिलमध्ये नाही. गोळ्यांची चिठ्ठी इंग्रजीत टाइप करून घ्या. आई, उपवास त्या दहा दिवसांत एकही नाही, इन्सुलिन घेऊन उपाशी फिरायचं नाही. देवाला मी सांगते.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, नवे बूट आत्ताच घ्या आणि रोज घालून फिरा. निघायच्या आदल्या दिवशी खोक्यातून काढलेले मला चालणार नाहीत.