रजिस्टर दादाकडे फिरवलंत, त्याबद्दल

मॅडम,

स.न.वि.वि.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला त्याच इमारतीत नोकरी करायची आहे, त्याच साहेबांच्या सह्या घ्यायच्या आहेत. आणि हे पत्र तुमच्या हातात आणून दिलं असतं, तर "अहो, कशाला एवढं" म्हणून तुम्ही ते ड्रॉवरमध्ये सारलं असतंत. म्हणून चारचौघांत आभार मानते आहे.

दादा तुमच्या मनोरुग्णालयातून घरी आला तेव्हा त्याच्या दोन्ही मनगटांवर वळ होते. डावीकडचा जास्त रुंद, कडेला कातडी सोललेली. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "बेचैन होता, स्वतःच लावून घेतलं असेल." असेल! सरकारी दवाखान्यात, चोवीस तास नजरेखाली असलेल्या माणसाबद्दल हे उत्तर. वॉर्डातले मामा म्हणाले सिस्टरना विचारा, सिस्टर म्हणाल्या डॉक्टरांना विचारा, डॉक्टर म्हणाले अधीक्षकांना भेटा, आणि अधीक्षक मीटिंगला गेलेले. डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावं आणि "प्रकृती स्थिर". माहिती अधिकारात अर्ज टाकला, तर मुदत संपता संपता एका ओळीचं पत्र आलं: कलम ८(१)(ञ), वैयक्तिक माहिती, सबब देता येत नाही. ज्याचे हात बांधले त्याच्याच घरी ते गुपित.

तुमच्या खोलीत आम्ही आलो तेही कुणीतरी टोलवलं म्हणूनच. 'समाजसेवा अधीक्षक' ही पाटी वाचून मला वाटलं, आता इथेही समजूत काढतील. मी नेहमीप्रमाणे पाढा वाचायला सुरुवात केली. तुम्ही माझं पूर्ण ऐकलंत, मग दादाकडे वळून विचारलंत, "तुम्हाला काय हवंय?" तो म्हणाला, "माझे कागद."

तुम्ही त्याला सांगितलंत की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २५ आहे आणि स्वतःचे वैद्यकीय कागद मागायचा हक्क रुग्णाचा स्वतःचा आहे. पेशंटलाच गंभीर मानसिक इजा होईल किंवा दुसऱ्या कुणाला धोका होईल अशी भीती असेल, तरच त्यातला तेवढा भाग रोखता येतो; आणि रोखला तर रुग्णांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते हेही त्याला सांगावं लागतं. अर्ज दादाच्या नावाने झाला, सही दादाने केली. पोच मिळाली, तीही शिक्क्यासकट. पुढे कुठल्या टेबलावर काय अडलं ते लिहीत बसत नाही. ज्यांनी अडवलं त्यांना ते ठाऊक आहे.

मला लिहायचंय ते पेशंटना बांधल्याच्या नोंदींच्या रजिस्टरबद्दल. लांबडं, लाल कापडी पुठ्ठ्याचं, कोपरे झिजलेले. ते आलं तेव्हा सवयीने मीच हात पुढे केला. तुम्ही पान काढलंत, दादाच्या ओळीच्या वर एक कोरा कागद ठेवलात, खाली एक ठेवलात, म्हणजे बाकीच्यांची नावं झाकली जावीत, आणि रजिस्टर उलटं फिरवून त्याच्यासमोर सरकवलंत. दादासमोर, माझ्यासमोर नव्हे. गोपनीयतेचं कारण सांगून आम्हाला ज्यांनी हाकललं, त्यांच्यापैकी एकालाही हे दोन कोरे कागद सुचले नव्हते.

गोळ्यांमुळे त्याला अक्षरं जरा अंधूक दिसतात. बोट ठेवून त्याने सावकाश वाचलं. रात्री ११.२०. रुग्ण आक्रमक. दोन्ही हात बांधले. सोडल्याची वेळ, रकाना कोरा. डॉक्टरांची सही, रकाना कोरा. 'नातेवाइकांना कळवले' इथे मात्र टिक होती. कुणाला कळवलं? आमच्या घरी तर फोन आला नव्हता.

मग दादा म्हणाला, "पायपण बांधले होते."

तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. मॅडम, हे किती मोठं आहे ते पेशंटच्या घरातल्या माणसालाच कळेल. दादा काहीही बोलला, अगदी डोकं दुखतंय म्हणाला, तरी समोरचा आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतो. खरं आहे का हो? डॉक्टर बघतात, नातेवाईक बघतात, बँकेतला माणूससुद्धा बघतो. तुम्ही पेन उचललंत आणि तक्रारीच्या कागदावर त्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत उतरवलंत. वर विचारलंत, "कशाने बांधले होते, आठवतं?" त्याला आठवत होतं. इतके दिवस त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं.

आता तुमच्या साहेबांसाठी दोन शब्द, कारण हे पत्र त्यांच्यापर्यंत पोचेलच. २००१ साली तमिळनाडूत एरवाडीला आग लागली, साखळ्यांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आलं नाही आणि २८ जण गेले. आजच्या कायद्यात माणसाला साखळीने बांधायला सरसकट बंदी आहे. इतर तऱ्हेने जखडायचं, तर लगेच कुणाला इजा होण्याचा धोका हवा, दुसरा उपाय उरलेला नको, मानसोपचारतज्ज्ञांची परवानगी हवी. कारण, पद्धत आणि किती वेळ बांधलं हे लिहून ठेवायचं. पेशंटच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या वतीने नेमलेल्या माणसाला, २४ तासांत कळवायचं. शिक्षा म्हणून कधीही बांधायचं नाही. साखळीवरची बंदी कलम ९५ मध्ये आहे, बाकीचं सगळं कलम ९७ मध्ये. कलम ९७ मध्येच असंही आहे, की केवळ माणसं कमी आहेत या कारणाने बांधता येणार नाही. रात्रपाळीला माणसं पुरत नाहीत हे मला एका सिस्टरनी सांगितलं आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. त्या बिचाऱ्या एकट्याने किती जणांना सांभाळणार? पण मग ती कमतरता उघडपणे कागदावर येऊ द्या. माहिती अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे अधिकारी-कर्मचाऱ्यांची यादी कुणी न मागताच जाहीर करायची असते. बांधल्याच्या प्रत्येक घटनेचा अहवालही दर महिन्याला मंडळाकडे जायचा असतो. तो जातो का? जात असेल तर त्यातला नुसता आकडा, एकाही पेशंटचं नाव न घेता, बाहेरच्या फलकावर लावायला हरकत काय? 'शांतता राखा'च्या शेजारी भरपूर जागा आहे.

यावर कुणीतरी म्हणेल की बाई, एक चांगलं माणूस भेटलं, त्याचं कौतुक करा आणि विषय सोडा. कौतुक करतेच आहे. पण चांगलं माणूस भेटणं हे पेशंटच्या नशिबावर का असावं? तुम्ही त्या दिवशी रजेवर असता तर दादाच्या पायांची नोंद कुठेच झाली नसती. तुम्ही दाखवलंत त्याला ना निधी लागतो, ना नवा जीआर. फक्त समोरचा माणूस बोलतोय ते त्याचंच बोलणं आहे एवढं धरून चालावं लागतं. तेवढंही जमत नसलेले लोक मी मोठमोठ्या खुर्च्यांवर बघितले, आणि तुमची खुर्ची तर एका बाजूने कललेली होती.

रुग्णालयाच्या अधीक्षकांकडून तक्रारीला आलेल्या उत्तरात "चौकशी केली असता तथ्य आढळले नाही" असं आहे. चौकशीत दादाला काही विचारलं का, याबद्दल अवाक्षर नाही. त्यामुळे तुम्ही सांगितल्याप्रमाणे आता मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज केला आहे. त्या मंडळावर रुग्ण, त्यांची काळजी घेणारे किंवा त्यांच्या संस्थांचे लोक यांच्यासाठी दोन जागा असतात हे वाचल्यापासून दादाला जरा हुरूप आला आहे. सुनावणीची तारीख कळली की फोन करीन. तुम्ही यावं असा आग्रह नाही, तुमची अडचण समजते. तिथे काय सांगायचं ते दादा एका वहीत लिहून काढतोय. मला अजून वाचायला दिलेलं नाही.

आपली नम्र,
एका पेशंटची बहीण