मास्तरांची पेटी

हॅम्बुर्ग,
मारबतीचा दुसरा दिवस

ती. आई-बाबांना सा. न.

दादाचा फोन आला तेव्हा मी ट्रेनमध्ये होते. 'मास्तर गेले' एवढंच ऐकू आलं आणि मी खुळ्यासारखं विचारलं, 'वडशाला का?' आपल्या गल्लीत मास्तर गेले म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी वाजवायला वडशालाच गेले ना! दिवाळी झाली की पेटीला गोधडी गुंडाळायची, बस धरायची, की होळीपर्यंत दर्शन नाही. दादा गप्पच झाला, तेव्हा कळलं.

काल नागपुरात इतवारीत मारबत निघाली असेल, सगळी इडा पीडा घेऊन जाणारी ती मोठी पुतळी. काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, हे मला शाळेने नाही, मास्तरांनी शिकवलं. मिरवणुकीतल्या आपल्या बडग्यासाठी, त्या टिंगलीच्या पुतळ्यासाठी, ते दरवर्षी नवं गाणं बांधायचे. चाल भजनाची, शब्द खड्ड्यांचे नाहीतर नळाचे. एका वर्षी ज्या नगरसेवकावर गाणं होतं तोच शेजारी उभा राहून टाळ्या देत होता, आणि मास्तरांनी त्याच्याकडून वर्गणीही काढली होती. यंदा 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' कोणी ओरडलं? त्यांच्यासारखा आवाज दुसऱ्या कोणाचा लागतच नाही.

दादा म्हणतो, शोकसभेत चार शब्द लिहून पाठव. बाबा, एकच करा. तिथे कोणी 'उपेक्षित कलावंत' म्हणालं तर उठून अडवा. मास्तर उपेक्षित नव्हते, कामात होते. नाइटचे, म्हणजे रात्रीच्या प्रयोगाचे, पैसे वाजवून घ्यायचे. त्यातून दोन खोल्या बांधल्या, मुलीला नर्स केलं. २०२३ मध्ये झाडीपट्टीतले नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तर यांनी गल्लीभर पेढे वाटले. 'आपल्या धंद्याले मिळाली,' म्हणाले. धंदा म्हणाले, कला नाही म्हणाले.

बाबा, मी नववीत असताना आपण त्यांच्यासोबत झाडीत गेलो होतो, आठवतं? दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. थंडीने दात वाजत होते, बायका पोरांना चादरीत घेऊन बसल्या होत्या, आणि नाटक सुरू झालं ते उजाडेपर्यंत हललं नाही. ऐन रडक्या प्रवेशात नायक वाक्य विसरला. मास्तरांनी गाण्याची सुरावट दोनदा फिरवली, तरी तो खांबासारखा उभा. मग ऑर्गनमागून कुत्रा भुंकला. अस्सल गावठी कुत्रा! नायक दचकून 'हाड!' म्हणाला, मंडप हसून लोळला, आणि तेवढ्यात त्याला वाक्य सापडलं. पुढच्या पाच मिनिटांत तेच लोक पदराने डोळे पुसत होते. परतताना मी विचारलं, तुम्ही कुत्रा कशाला झालात? तर म्हणाले, 'अवो पोरी, वाजवणाऱ्यानं काहीबी व्हावं. फक्त गाणाऱ्याच्या पुढं नाही जावं.'

त्यांचं वाजवणं खरंच तसं होतं. मोठी माणसं 'काय ताना घेतल्या' म्हणायची, मला मात्र त्यांचा थांबलेला हात आठवतो. मी शिकायला बसले की माझी बोटं पळायची. 'पेटीले घाई नसते, घाई तुले आहे,' म्हणायचे. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत चालली. हे तर ते सासुरवाशिणीची गोष्ट सांगावी तसं रंगवायचे: 'तीस वर्षं घराबाहेर उभी ठेवली बिचारीले, पण तिनं सूर नाही सोडला.'

आई, त्यांच्या घरी जाशील तेव्हा काकूंना रव्याचे लाडू नको नेऊस, मास्तरांचे होते ते लाड. पोहे ने, तर्री वेगळ्या डब्यात.

पेटी आपल्याकडे आणून ठेवली हे बरं केलंत. पण दिवाणखान्यात शोभेला मांडू नका. पाऊस आहे तोवर पट्ट्या फुगतात, म्हणून आठवड्यातून एकदा तरी उघडून भाता मारा, वाजवता आलं नाही तरी चालेल. आत डांबराच्या गोळ्या टाका, उंदीर चामडं सोडत नाहीत. आणि बाबा, खालचा धैवत अडकतो. जोर लावू नका. पट्टीला खालून हलकी टिचकी मारायची, सुटतो.

तुमची
मनी