काडतुसांच्या दाव्यांना पुरावा कोणता?

महोदय,

लष्करी रायफलीला ५.५६ मि.मी. व्यासाच्या गोळीचे काडतूस बरे की ७.६२ मि.मी.चे, यावर आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही दिवस चाललेली चर्चा मी आवडीने वाचतो आहे. माझी नोकरी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत तपासणी विभागात झाल्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे. मात्र दोन्ही बाजूंचे लेखक ज्याला पुरावा म्हणतात, त्यातले बरेचसे तपासणीच्या टेबलावर टिकणार नाही.

‘५.५६ मि.मी.ची गोळी शत्रूला मुद्दाम जखमीच करते, म्हणजे त्याला उचलायला आणखी दोघे गुंततात’ हे विधान ५.५६ ची इन्सास ही भारतीय लष्करी रायफल आल्यापासून आपल्याकडे इतके फिरले आहे की, त्याला आधार विचारण्याचे कोणाला सुचत नाही. हे काडतूस ज्या अमेरिकी मागणीतून जन्मले, तिच्यातली अट ५०० यार्डांवरून पोलादी हेल्मेट भेदण्याची होती, नुसते जखमी करण्याची नव्हे. दुसरे एक पत्रलेखक ‘७.६२ केव्हाही भारी’ असे लिहितात, पण त्यांना कोणती ७.६२ अभिप्रेत आहे? आपल्या लष्करासाठी २०१९ मध्ये जिचा करार झाला ती सिग ७१६ रायफल ७.६२ बाय ५१ चे काडतूस झाडते (दुसरा आकडा काडतुसाच्या कवचाची मि.मी.मधली लांबी) आणि अमेठी जिल्ह्यात कोरवा येथे बनणारी एके-२०३ ही ७.६२ बाय ३९ चे. पूर्ण लांबीच्या नळीतून पहिल्याची ऊर्जा साधारण ३,३०० जूल भरते, दुसऱ्याची २,००० च्या आसपास, आणि नळी आखूड केली की दोन्ही आकडे उतरतात. म्हणून नळीची लांबी आणि डब्यावरचा लॉट क्रमांक (उत्पादनाच्या तुकडीचा क्रमांक) दिल्याशिवाय वेगाचा वा ऊर्जेचा आकडा माझ्या लेखी अर्धवटच.

भलत्याच वस्तूची चाचणी पुराव्यात कशी खपते, याचे उदाहरण आपल्या देशाशीच निगडित आहे. वायव्य सरहद्दीवरच्या १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर .३०३ ची, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश लष्करी रायफलीची, गोळी लागूनही समोरचा माणूस थांबत नाही, अशा तक्रारी ब्रिटिश फौजेत होऊ लागल्या. त्या बहुतांशी सांगोवांगी होत्या, तरी त्यांच्या जोरावर कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातून टोकाचे शिसे उघडे ठेवलेली, म्हणजे अंगात शिरल्यावर पसरणारी, गोळी बाहेर पडली. पुढे युद्धाचे नियम ठरवणाऱ्या १८९९ च्या हेग आंतरराष्ट्रीय परिषदेत या गोळीविरुद्ध ट्यूबिंगेनचे शल्यविशारद फॉन ब्रुन्स यांचे प्रयोग पुढे आले. पण त्यांनी झाडलेली गोळी डमडमची नव्हतीच, तिच्याहून बरेच अधिक शिसे उघडे असलेली ती शिकारीची गोळी होती. ब्रिटिशांनी आक्षेप घेतला, तरी पसरणाऱ्या गोळ्यांवरील बंदीचा जाहीरनामा निघालाच. (बंदी योग्यच होती असे माझे मत आहे, पण त्या प्रयोगांमुळे नव्हे.) एका बाजूला किस्से आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याच गोळीचा प्रयोग, असा तो वाद झाला.

आकडे असले म्हणजे भागते, असेही नाही. ‘एका गोळीत माणूस थांबला’ अशा घटनांच्या टक्केवाऱ्या अमेरिकेत १९९० च्या दशकात फार गाजल्या आणि त्यांचेच आकडे आजही आपल्याकडे पोलिसांच्या पिस्तुलांच्या चर्चेत उसने आणले जातात. या हिशेबातून अंगावर दोन वा अधिक गोळ्या लागल्याच्या घटना वगळलेल्या होत्या. पहिली गोळी अपुरी पडली म्हणून दुसरी झाडावी लागली, अशी फसलेली उदाहरणेच त्यामुळे गळाली, आणि टक्केवारी चांगली दिसणे भागच होते.

मांसाऐवजी चाचणीला वापरतात त्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी शिरतानाच्या चित्रफितींविषयी थोडक्यात सांगतो. रूढ पद्धतीत १० टक्के जिलेटिन ४ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि सेकंदाला सुमारे १८० मीटर वेगाचा पोलादी छर्रा त्यात साधारण साडेआठ सेंटिमीटर शिरतो ना, हे पाहतात. ही पडताळणी दाखवलेली नसेल, तर ठोकळा मऊ होता की कडक, हे कळायला मार्ग राहत नाही. ती असली तरी त्यातून गोळी किती खोल गेली आणि किती पसरली एवढेच कळते. माणूस किती वेळात खाली पडेल, हे नाही.

आपणास विनंती अशी की, या विषयावरची पत्रे छापताना काडतुसाचे पूर्ण नाव, नळीची लांबी, किती फैरी झाडल्या आणि त्यांतल्या किती मोजल्या नाहीत, एवढे तरी लेखकांकडून मागून घ्यावे. निवृत्त जवानांचे अनुभव अवश्य छापावेत, कारण चाचणी नेमकी कशाची घ्यायची हे पुष्कळदा त्यांच्याकडूनच कळते. त्यासोबत गोळी झाडल्याचे अंतर आणि काडतुसाच्या बुडावर ठोकलेले वर्ष आले, तर तपासणाऱ्याला पुढचे काम सुरू करता येईल.

आपला,
एक निवृत्त तपासणी कर्मचारी, ठाणे (पश्चिम)