केशराचं बी नसतं भाऊ!

संपादक साहेब, नमस्कार. दोन वर्षांपूर्वी मी 'अमेरिकन केशर'चं बी महागात घेतलं आणि आमच्या काळ्या जमिनीत उगवली ती करडई! खऱ्या केशराला बी धरतच नाही, ते कंदावरच होतं, फूल जांभळं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतं, आणि एक ग्रॅम केशराला साधारण १५० फुलं लागतात. उन्हाळ्यात कंद झोपलेला असतो तेव्हा त्याला कोरडं पाहिजे, फूल निघायला मात्र १५-१७ अंशांची थंडी. काश्मीरात पांपोरला हे जमतं, आपल्याकडे ऑक्टोबर हीटमध्ये उघड्या शेतात कसं जमणार? काही जण बंद खोलीत एसी लावून करतात, पण आधी लाइट बिल आणि कंदाचा भाव मांडून बघा. कृषी सहायकांनी रब्बीच्या पेरणीआधी गावोगावी हे सांगावं, प्लीज.

– एक शेतकरी, ता. चोपडा, जि. जळगाव