एफएमवर आपलं मैदानही ऐकू येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या संघाचा फुटबॉल सामना असला की कोल्हापुरात पेठापेठांत दुसरा विषय नसतो. दुकान सोडून जाता न येणारा माणूस मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘किती झालं?’ एवढंच विचारत बसतो. शेजारी एफएम चालू असतो, त्यावर गाणी!

हे असंच असायला हवं, असं मुळीच नाही. खेळ कानांनी दाखवायची विद्या शंभर वर्षांची आहे. 1921 मध्ये पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने मुष्टियुद्ध आणि बेसबॉल ऐकवलं. 1927 मध्ये बीबीसीने ट्विकनहॅमवरच्या इंग्लंड-वेल्स रग्बी सामन्याला टेडी वेकलम यांना बसवलं, तेव्हा शेजारी मुद्दाम एका अंध श्रोत्याला बसवलं होतं. त्याला खेळ कळला पाहिजे, असं सांगा, एवढीच सूचना! त्या काळी ‘रेडिओ टाइम्स’ मैदानाचे चौकोन पाडलेला नकाशा छापत असे आणि चेंडू ज्या चौकोनात जाईल त्याचा आकडा सहायक पुकारत असे. आपल्याकडे 1934 च्या मुंबईतल्या चौरंगी क्रिकेट सामन्यांपासून बॉबी तल्यारखान एकहाती समालोचन करत. पुढे बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेट अस्सल मराठीत घरोघरी पोचवलं. त्यांचं ऋण मोठं आहे.

मग आज अडतंय कुठे? खासगी एफएमला सामन्यांच्या थेट प्रक्षेपणाची बंदी आहे, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. केंद्र सरकारच्या खासगी एफएमसाठीच्या 2011 च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात स्थानिक स्वरूपाच्या सामन्यांच्या थेट समालोचनाला मुभा ठेवलेली आहे. म्हणजे पेठांचा फुटबॉल, तालुक्याची कबड्डी, जत्रेतलं कुस्ती मैदान यांना वाट मोकळी आहे.

बोलणारी माणसंही तयार आहेत. कुस्तीचे निवेदक बघा. पैलवानाचं गाव, वस्ताद, तालीम तोंडपाठ. जोड लागली की एकेरी पट, ढाक, घिस्सा असा डाव पडायच्या आत त्याचं नाव माइकवर आलेलं असतं. चार-चार तास मैदान हलू देत नाहीत. एवढा कसलेला आवाज कर्ण्यापुरताच का राहावा?

जाहिरातदार मिळत नाहीत, ही सबब मला पटत नाही. ज्या सामन्याला स्टेडियम भरतं, त्याला गावातला सराफ आणि ट्रॅक्टरवाला जाहिरात देणार नाही होय?

एफएम केंद्रांनी आणि आकाशवाणीनेही येत्या हंगामातला निदान एक अंतिम सामना सुरुवातीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत ऐकवावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक क्रीडाप्रेमी वाचक, कोल्हापूर